सायकल स्वस्त झाली, छोटी कारही स्वस्त झाली. पण कारवर सायकल बांधून नेली तर दंड होतो का?

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि दोन गोष्टी एकदम स्वस्त झाल्या. सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या कारवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला.

म्हणजे ज्या घराला आधी दोन्ही परवडत नव्हतं, त्या घरात आता दोन्ही येऊ शकतं. मुलांना गिअरवाली सायकल आणि दारात वॅगनआर किंवा स्विफ्ट.

आता समजा, तुम्ही अमळनेरला राहता. घरात चार माणसं आणि चार सायकली. दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळला जाऊन डोंगरात सायकल चालवायची असं ठरतं. ऑनलाइन काही हजारांत सायकल कॅरिअर मिळतं. ते डिकीवर लावायचं, सायकली अडकवायच्या, पट्टे आवळायचे आणि निघायचं. रीलमध्ये तर हे सगळे असंच करताना दिसतात.

पण वाटेत हवालदाराने शिट्टी मारली तर? दंड 500 रुपये होईल की 20 हजार? कायद्याचे शब्द वाचले तर दोन्ही होऊ शकतं. तेच जरा नीट समजून घेऊया.

हा प्रश्न अमळनेरकरांनाच जास्त का पडतो?

पुण्यात राहणारा माणूस पहाटे घरातून सायकल काढतो आणि थेट सिंहगडाचा घाट चढतो. त्याला सायकल कारवर टाकायची गरज पडत नाही.

अमळनेरचं तसं नाही. गाव बोरी नदीच्या काठी, तापी खोऱ्याच्या सपाटीवर. उंची समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. चहूबाजूला कापूस, केळी, मका आणि सरळ रस्ते. डोंगर हवा असेल तर उत्तरेला सातपुडा गाठायचा. तोरणमाळ 1,100 मीटरच्या वर आहे, पण अमळनेरहून शिरपूर, शहादा करत तिथे पोहोचायला साधारण दीडशे किलोमीटर होतात. हे अंतर मुलांना घेऊन सायकलवर कापायचं म्हणजे सहल राहत नाही, शिक्षा होते.

म्हणून सायकल आधी डोंगरापर्यंत न्यायची आणि मग चालवायची. माउंटन बाइकिंगचा छंद लहान गावात रुजणार की नाही, हे सायकलच्या किमतीइतकंच ती नेण्याच्या सोयीवरही अवलंबून आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे. या एका प्रवासात तुम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे ओलांडता. म्हणजे पोलीस तीन जिल्ह्यांचे. नियम स्पष्ट नसेल तर तिघांनी त्याचे तीन अर्थ काढले तरी कुणाला नवल वाटायला नको.

पहिला प्रश्न: कॅरिअर लावणं म्हणजे 'मॉडिफिकेशन' का?

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

हे वाचून घाबरायला होतं. पण कलम 52 मध्येच 'बदल' या शब्दाचा अर्थ दिलाय. वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. पट्ट्यांनी लावलेलं आणि पाच मिनिटांत काढता येणारं कॅरिअर या व्याख्येत बसवणं कठीण आहे.

मात्र इथे एक जुनं उदाहरण लक्षात ठेवायला हवं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून गाड्यांपुढचे बुल बार, म्हणजे लोखंडी क्रॅश गार्ड, याच कलम 52 खाली बेकायदा असल्याचं कळवलं. त्याआधी कित्येक वर्षं ते दुकानात राजरोस विकले जात होते. 'दुकानात मिळतं म्हणजे चालतं' हा हिशेब तेव्हाच चुकला होता.

त्यातून धडा इतकाच घ्यायचा की नट-बोल्ट मारून, वेल्डिंग करून, बंपर कापून काही बसवू नका. काढता येणारं कॅरिअर त्या मानाने सुरक्षित आहे. खरा घोळ पुढे आहे.

दुसरा प्रश्न: सायकल गाडीबाहेर येते का?

2019 च्या दुरुस्तीत कलम 194 मध्ये (1अ) हे पोटकलम आलं. गाडीत भरलेला माल किंवा त्याचा कुठलाही भाग बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर जात असेल तर दंड 20 हजार रुपये. शिवाय तो माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच.

हे कलम कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आलं ते आपल्याला माहीत आहे. लोखंडी सळ्या मागे लोंबत ठेवून जाणारे ट्रक. अंधारात त्या सळ्यांवर आदळून देशभरात असंख्य लोक मेले. असा माल मागे बाहेर काढून नेण्याची सवलत पूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये होती. 2014 मध्ये केंद्राने ती काढून टाकली. निर्णय योग्यच होता.

पण कायद्यात शब्द 'ट्रक' नाही, 'मोटार वाहन' आहे. तुमची वॅगनआरही मोटार वाहनच. म्हणजे 12 मीटरच्या सळ्या आणि तुमच्या मुलीची सायकल, दोन्ही एकाच ओळीत येतात.

आता प्रत्यक्ष मोजून बघू.

मोठ्या माणसाच्या माउंटन बाइकचं चाक हल्ली बहुतेक वेळा 29 इंची असतं. दोन चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर साधारण 1.1 मीटर. दोन्ही टोकांना अर्धं-अर्धं चाक धरलं की सायकलची लांबी होते 1.84 मीटरच्या आसपास. डिकीवरच्या कॅरिअरला सायकल आडवी लागते. आता गाड्यांची रुंदी बघा.

- वॅगनआर: 1.62 मीटर
- स्विफ्ट: 1.735 मीटर
- बोलेरो: 1.745 मीटर

म्हणजे तिन्ही गाड्यांवर 29 इंची सायकल बाजूने बाहेर येणार. स्विफ्टवर दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर, वॅगनआरवर दहा-अकरा. जुनी 26 इंची सायकल साधारण 1.73 मीटर भरते, ती स्विफ्टवर कशीबशी मावते. मुलांची 20 इंची सायकल आरामात आत राहते.

बाजूला आलेल्या भागाची सोपी सुटका आहे. पुढचं चाक काढा. क्विक रिलीज असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. सायकलची लांबी एकदम कमी होते आणि चाक डिकीत जातं.

पण मागच्या बाजूला काही इलाज नाही. डिकीवर लावलेली सायकल गाडीच्या शेवटच्या टोकापेक्षा मागे जाणारच. एखाद्या अधिकाऱ्याने 194(1अ) चं बोट दाखवलं तर 'हे कौटुंबिक सहलीचं सामान आहे' असा अपवाद तुम्हाला कायद्यात सापडणार नाही.

इथे कुणी म्हणेल, कापसाच्या गाड्या बघा, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात, त्यांना कोण विचारतं? बरोबर आहे. पण दुसऱ्याला सोडलं म्हणून आपल्याला सोडतीलच असं नाही. आणि नियम सगळ्यांवर सारखा लागू होत नसेल, तर तो स्पष्ट असण्याची गरज आणखी वाढते.

तिसरा प्रश्न: नंबरप्लेट कुठे गेली?

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात, आणि व्यवहारात तुम्हाला अडवलं जाण्याची शक्यता याच कारणाने सर्वांत जास्त आहे.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, सक्तीची झाली. कारसाठी 745 रुपये आणि वर जीएसटी. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, सेंटरवर रांगा लागल्या, लोकांनी नावं ठेवत का होईना प्लेट बसवून घेतली. नंबर दुरून आणि कॅमेऱ्यातूनही नीट वाचता यावा, हा त्यामागचा एक हेतू.

आता त्याच प्लेटसमोर तीन सायकली लटकवल्या तर?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागची नंबरप्लेट स्पष्ट दिसायला हवी आणि रात्री तिच्यावर पांढरा दिवा हवा. मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसायला हवा. सायकलींच्या मागे प्लेट लपते आणि बऱ्याचदा ब्रेक लाइट आणि इंडिकेटरही अर्धे झाकले जातात. प्लेटसाठी साधारणपणे कलम 177 चा दंड लागतो, पहिल्यांदा 500 रुपये आणि पुन्हा सापडलात तर 1,500. रक्कम मोठी नाही. पण नंबर झाकलेली गाडी पोलिसांच्या नजरेत लगेच भरते.

दंडापेक्षा दिवे महत्त्वाचे आहेत. शिरपूर-शहादा रस्त्यावर संध्याकाळी तुमच्या मागून एखादा शेतकरी मोटारसायकलवर बायको-मुलाला घेऊन येत असतो. तुम्ही ब्रेक मारलाय हे त्याला फक्त त्या लाल दिव्यावरून कळतं. तो दिवाच सायकलच्या चाकामागे गेला, तर अपघात कुणाचा होईल ते सांगायला नको.

मग तिसरी प्लेट लावली तर?

रेडियमवाल्याकडून नंबर लिहून घ्यायचा आणि कॅरिअरला अडकवायचा, हे सर्वांत सोपं वाटतं. अडचण अशी की एचएसआरपी ही नुसती पाटी नाही. तिच्यावर होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, तो क्रमांक 'वाहन' प्रणालीत तुमच्या गाडीशी जोडलेला असतो, आणि मागची प्लेट एकदा बसवली की निघू नये अशा स्नॅप लॉकने बसवलेली असते. रेडियमवाल्याने केलेली पाटी ही एचएसआरपी होत नाही.

गंमत म्हणजे आपल्या नियमात 'तिसरं नोंदणी चिन्ह' नावाची गोष्ट आहे. पण ते म्हणजे पुढच्या काचेवरचं स्टिकर. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. ते सायकल कॅरिअरवर लावायच्या कामाचं नाही.

बाहेरच्या देशांनी काय केलंय?

ही अडचण फक्त आपली नाही. जिथे लोक कारवर सायकल घेऊन फिरतात, तिथे प्रत्येक देशाला कधी ना कधी यावर उत्तर शोधावं लागलंय.

- ब्रिटन: कॅरिअरने नंबरप्लेट झाकली तर 1,000 पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कॅरिअरच्या मागे लाइट बोर्ड, म्हणजे दिवे आणि नंबर असलेली पट्टी, लावायची मुभा आहे.
- नेदरलँड्स: गाडीची नेहमीची प्लेट पिवळी असते. सायकल कॅरिअरसाठी त्याच नंबरची पांढरी प्लेट लावायची. रंगावरूनच कळतं की ही मूळ प्लेट नाही, कॅरिअरची आहे.
- ऑस्ट्रेलिया: न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया अशा राज्यांत सरकारकडूनच सायकल कॅरिअरसाठी जादा प्लेट विकत मिळते.

तिन्हीकडे तत्त्व एकच आहे. नंबर आणि दिवे दिसलेच पाहिजेत, यात सवलत नाही. पण ते दाखवायचा कायदेशीर मार्गही सरकारने दिलाय. आपल्याकडे पहिली अट आहे, दुसरा मार्ग मात्र नाही.

मग सायकल न्यायची कशी?

1. गाडीच्या आत: कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक. मागची सीट पाडली आणि चाकं काढली की छोट्या कारमध्येही दोन सायकली मावतात. पण मग मागे बसायला जागा उरत नाही. दोघं असाल तर उत्तम, चौघं असाल तर उपयोग नाही.

2. टपावर: नंबरप्लेट मोकळी, दिवे मोकळे, मागे काही बाहेर नाही. वॅगनआरची उंची 1.675 मीटर. त्यावर कॅरिअर आणि उभी सायकल धरली तर सव्वा मीटर आणखी, म्हणजे एकूण तीन मीटरच्या आत. उंचीची मर्यादा 3.8 मीटर आहे, त्यामुळे तिथेही अडचण नाही. कायद्याशी टक्कर टाळायची तर डिकीपेक्षा टप बरा.

पण वजनाकडे बघा. मोठ्यांची सायकल 14-15 किलो, मुलांची 10-11. चार सायकली म्हणजे 50 किलो, वर कॅरिअरचं वजन वेगळं. टपावर किती वजन चालतं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका. बहुतेक छोट्या गाड्यांवर दोन सायकली ठीक, चार जास्त होतात. आणि टपावर सायकल आहे हे विसरून रेल्वेच्या बोगद्यासमोरच्या हाइट गेजखाली किंवा घराच्या पोर्चमध्ये गाडी घातली, तर सायकल आणि टप दोन्ही जातात.

3. रेल्वेने: अमळनेर स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर आहे, दोंडाईचा आणि नंदुरबारही त्याच मार्गावर. पण मोफत सामानाच्या मर्यादेत रेल्वे सायकल धरत नाही. ती वेगळी बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये टाकावी लागते. शिवाय शहाद्याला रेल्वे नाही, म्हणजे पुढे पुन्हा गाडी आलीच.

4. छोटा हत्ती: दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर हा सरळ मार्ग आहे. सायकली मालवाहू गाडीत, माणसं आपापल्या कारमध्ये. भाडं वाटून घ्यायचं. फक्त 'पोरं मागे सायकलींजवळ बसतील' हा मोह टाळा. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवणं बेकायदा आहे आणि घाटात जीवावर बेतणारं आहे.

5. डिकीवरच नेणार असाल तर: निदान धोका कमी करा. दोनपेक्षा जास्त सायकली लावू नका. पुढचं चाक काढा. सायकली उंच बांधा, म्हणजे प्लेट आणि दिवे उघडे राहतील. मग मागे वीस पावलं जाऊन स्वतः बघा. नंबर वाचता येतो का? घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. लाल दिवे दिसतात का? नसतील दिसत तर निघू नका. अंधार पडल्यावर प्रवास टाळा. सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत असेल तर गरम धुराने ते खराब होतं, तेही तपासा.

कुठल्याही पद्धतीत एक काम सारखंच. निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. शहाद्याच्या पुढे, तोरणमाळचा घाट लागण्याआधी परत एकदा. नवे पट्टे हादऱ्यांनी सैल होतातच.

आणि विम्याचं विसरू नका. कारच्या पॉलिसीत कार आणि नोंदवलेल्या ॲक्सेसरीज येतात. वर बांधलेली सायकल हे सामान आहे. ती पडली, तुटली तर भरपाईची आशा ठेवू नका. तिच्यामुळे मागच्या माणसाला इजा झाली तर जबाबदारी मात्र तुमच्यावर येते.

डोंगरात पोहोचल्यावर

सातपुड्यात सगळीच वाट सायकलसाठी मोकळी नसते. यावल आणि अनेर धरण ही वन्यजीव अभयारण्यं आहेत. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, सायकलवरही नाही. तोरणमाळच्या आसपासही जंगलातल्या पायवाटेवर उतरण्याआधी वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.

हे बदलायचं कुणी?

अमळनेरच्या हवालदाराने किंवा जळगावच्या आरटीओने हा प्रश्न सुटणार नाही. मोटार वाहन नियम केंद्राचे आहेत, म्हणजे चेंडू केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या कोर्टात आहे. आणि काम फार मोठंही नाही. दोनच गोष्टी हव्यात.

एक, खासगी कारवरच्या सायकल कॅरिअरची व्याख्या आणि मापं ठरवा. मागे किती चालेल, बाजूला किती, किती सायकली. म्हणजे 20 हजारांचं कलम सळ्यांच्या ट्रकसाठी राहील आणि घरच्या सायकलीला वेगळा, स्पष्ट नियम मिळेल.

दोन, कॅरिअरसाठी जादा एचएसआरपी आणि दिव्यांची पट्टी अधिकृतपणे मिळू द्या. 'वाहन' प्रणालीत प्रत्येक प्लेटची नोंद होतेच. त्यात एक जादा नोंद करणं अशक्य नाही.

सायकलीवरचा कर कमी करताना सरकारला लोकांनी सायकल घ्यावी असं वाटत असणार. मग ती सायकल डोंगरापर्यंत न्यायचा रस्ताही कायद्यात असायला हवा.

तोपर्यंत? दोन सायकली टपावर, मुलांच्या छोट्या सायकलींची चाकं काढून त्या डिकीत, आणि निघण्याआधी मागे वीस पावलं जाऊन एक नजर. तोरणमाळ कुठे पळून जात नाही. सकाळी अर्धा तास उशिरा निघालात तरी चालेल.